विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल खुणा दिसतात, म्हणजे कम्प्युटर हॅक झालाय का?

एक छोटा प्रयोग करून बघा. विंडोजच्या कम्प्युटरवर स्टार्ट बटणावर माउसचं उजवं क्लिक करा. एक लांब यादी उघडेल. त्यातल्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’वर क्लिक करा. मग डाव्या बाजूला ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखालचं ‘सिस्टिम’ निवडा.

समोर शेकडो, कदाचित हजारो ओळी येतील. काही ओळींपुढे पिवळा त्रिकोण असेल, काहींपुढे लाल गोल. ‘वॉर्निंग’, ‘एरर’, ‘क्रिटिकल’ असे शब्द दिसतील.

घाबरायचं कारण नाही. काही दिवस वापरलेल्या जवळपास प्रत्येक विंडोज कम्प्युटरवर अशा खुणा सापडतातच. नीट चालणाऱ्या, व्हायरस नसलेल्या कम्प्युटरवरही सापडतात.

नेमक्या याच गोष्टीवर गेली दीड दशकं फसवणुकीचा एक अख्खा धंदा चाललाय. फोनवरचा अनोळखी माणूस ठामपणे म्हणतो, “उघडून बघा, तुमच्या कम्प्युटरमध्ये एरर दिसतील.” तेव्हा त्याला तुमच्या कम्प्युटरबद्दल काहीही ठाऊक नसतं. त्याला फक्त विंडोज ठाऊक असतं. समोरच्या माणसानं ही खिडकी कधी उघडलेली नसणार, यावर त्याची सगळी भिस्त असते.

म्हणूनच विंडोजमध्ये आधीपासून असलेली ही टूल्स कुठे असतात, ती काय दाखवतात आणि त्यातलं काय मनावर घ्यायचं, हे एकदा समजून घेतलेलं बरं.

ही टूल्स आहेत तरी काय?

विंडोजमध्ये दोन प्रकारच्या गोष्टी असतात. एक रोजच्या वापराच्या, म्हणजे ब्राउजर, फोटो, फाइल्स, सेटिंग्ज. दुसऱ्या कम्प्युटरची देखभाल करण्यासाठीच्या. ऑफिसमध्ये आयटीवाले येतात आणि पटापट काहीतरी उघडून बघतात, त्या या दुसऱ्या प्रकारातल्या.

त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, डाउनलोड करावं लागत नाही. यातली काही टूल्स तर खूप जुनी आहेत. कम्प्युटरमध्ये घडणाऱ्या घटनांची नोंद ठेवायची सोय १९९३ च्या विंडोज एनटी ३.१ मध्येही होती. टास्क मॅनेजर १९९६ साली विंडोज एनटी ४.० सोबत आला. मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर डेव्ह प्लमर यांनी तो लिहिला होता.

विंडोज १० पर्यंत ही टूल्स ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स’ या नावाच्या फोल्डरमध्ये असायची. विंडोज ११ मध्ये त्याचं नाव ‘विंडोज टूल्स’ झालं.

उघडायची कशी?

चार सोपे रस्ते आहेत.

पहिला, स्टार्टवर उजवं क्लिक. कीबोर्डवरची विंडोज की आणि एक्स एकत्र दाबलं तरी हीच यादी येते. विंडोज ८ पासून ही सोय आहे. टास्क मॅनेजर, डिव्हाइस मॅनेजर, डिस्क मॅनेजमेंट, इव्हेंट व्ह्यूअर, कम्प्युटर मॅनेजमेंट अशी नेहमी लागणारी बहुतेक टूल्स इथे मिळतात.

दुसरा, स्टार्टमधला शोध. विंडोज की दाबा आणि टूलचं नाव इंग्रजीत टाइप करायला लागा. तीन-चार अक्षरांतच ते वर येतं.

तिसरा, विंडोज टूल्सचं फोल्डर. स्टार्टमध्ये ‘विंडोज टूल्स’ शोधलं की बरीच टूल्स एकाच ठिकाणी दिसतात. विंडोज १० वर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स’ शोधा.

चौथा, रनची चौकट. विंडोज की आणि आर दाबलं की डाव्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट उघडते. त्यात टूलचं छोटं नाव लिहून एंटर दाबायचं. आयटीवाले बहुतेक वेळा हाच रस्ता वापरतात, कारण तो झटपट आहे. पण याच चौकटीचा सध्या सगळ्यात जास्त गैरवापर होतोय. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

टास्क मॅनेजरसाठी आणखी एक शॉर्टकट आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायची. कम्प्युटर अडकलेला असतानाही बऱ्याचदा हे चालतं.

कुठल्या टूलमध्ये काय बघायचं?

टास्क मॅनेजर : कम्प्युटर संथ झाला की सर्वात आधी इथे यायचं. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क कोण खातंय, हे इथे कळतं. रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. ‘स्टार्टअप’ नावाचा भागही बघण्यासारखा आहे. कम्प्युटर सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामची यादी तिथे असते. नको ते ‘डिसेबल’ करता येतं. त्यानं प्रोग्राम उडत नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. म्हणजे चूक झाली तरी परत ‘एनेबल’ करता येतं.

रिलायबिलिटी मॉनिटर : हे टूल फार कमी लोकांना माहीत आहे, पण सामान्य माणसासाठी इव्हेंट व्ह्यूअरपेक्षा ते जास्त कामाचं. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असं इंग्रजीत शोधलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ असा पर्याय येतो. गेल्या काही दिवसांत कम्प्युटर किती नीट चालला, याचा आलेख इथे दिसतो आणि १ ते १० मध्ये गुण मिळतात. कुठल्या दिवशी कुठला प्रोग्राम कोसळला, कुठला अपडेट बसला, हे तारखेनुसार दिसतं. “परवापासून गडबड सुरू झालीय” असं वाटत असेल, तर परवा नेमकं काय झालं ते इथे सापडतं.

डिव्हाइस मॅनेजर : कम्प्युटरला जोडलेल्या प्रत्येक भागाची यादी. आवाज येत नसेल, वायफाय गायब झालं असेल, तर त्या नावापुढे पिवळा त्रिकोण आहे का ते बघायचं. नवा ड्रायव्हर बसल्यावर बिघाड सुरू झाला असेल, तर त्या भागाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण असतं. जुना ड्रायव्हर साठवलेला असेल, तर त्यानं तो परत येतो.

सर्व्हिसेस : मागे गुपचूप चालणाऱ्या कामांची यादी. प्रिंटरला कागद पाठवला, तो रांगेत अडकला आणि काही केल्या निघत नाही, असं झालं तर ‘प्रिंट स्पूलर’ शोधून ‘रीस्टार्ट’ करायचं. बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं. या यादीत बऱ्याच सर्व्हिस बंद दिसतील. ते अगदी नॉर्मल आहे, कारण अनेक सर्व्हिस गरज पडली की मगच सुरू होतात.

डिस्क मॅनेजमेंट : पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क जोडली, पण दिसतच नाही, तेव्हा इथे बघायचं. कधी कधी डिस्क असते, फक्त तिला अक्षर मिळालेलं नसतं. ते इथून देता येतं. पण ‘फॉर्मॅट’, ‘डिलीट व्हॉल्यूम’ आणि ‘इनिशियलाइज’ हे तीन शब्द दिसले की थांबा. ज्या डिस्कमध्ये घरचे फोटो आहेत, तिच्याबाबत अशा प्रश्नाला घाईत ‘ओके’ केलं, तर फोटो परत मिळवणं अवघड होऊन बसतं.

रजिस्ट्री एडिटर : विंडोज आणि त्यातल्या प्रोग्रामच्या सेटिंग्जचं हे कोठार. इथे ‘अनडू’ नाही. बदल केला की तो लगेच साठवला जातो. “ही एक ओळ बदला आणि कम्प्युटर दुप्पट फास्ट करा” असं सांगणाऱ्या रील्स अनेकदा इथेच आणून सोडतात. नक्की माहिती नसेल तर लांब राहावं. बदल करायचाच असेल, तर आधी ‘एक्सपोर्ट’ करून प्रत ठेवावी.

सिस्टिम कॉन्फिगरेशन : आयटीवाल्यांच्या भाषेत ‘एमएसकॉन्फिग’. यातली ‘सेफ बूट’ची खूण नीट लक्षात ठेवायची. ती एकदा केली की काढेपर्यंत कम्प्युटर दरवेळी सेफ मोडमध्येच सुरू होतो. मग लोकांना वाटतं, कम्प्युटर बिघडला.

‘ग्रुप पॉलिसी एडिटर’ हे टूल अनेक व्हिडिओंमध्ये दाखवतात, पण तुमच्याकडे उघडतच नाही, असं होतं का? तसं असेल तर तुमची विंडोज ‘होम’ प्रकारची असू शकते. होममध्ये हे टूल दिलेलंच नाही. ते ‘चालू करून देणारी’ फाइल कुठूनतरी डाउनलोड करायच्या भानगडीत पडू नये.

मग त्या लाल खुणा कसल्या?

इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे कम्प्युटरची नोंदवही. सोसायटीच्या वॉचमनकडे वही असते तशी. कोण आलं, कोण गेलं, रात्री पाण्याची मोटर बंद पडली, लिफ्ट दोन मिनिटं अडकली, सगळं त्यात लिहिलेलं असतं. ती वही वाचून कुणी म्हणत नाही की या सोसायटीत दरोडा पडलाय.

विंडोजचंही तसंच आहे. एखादा प्रोग्राम सुरू व्हायला दोन सेकंद उशीर झाला, एखादी सर्व्हिस पहिल्या प्रयत्नात सुरू झाली नाही, वायफाय क्षणभर तुटलं, अशा बारीकसारीक गोष्टींची नोंद होते. त्यातल्या बहुतेक आपोआप सुटतात. पण नोंद राहते, आणि तिचा रंगही तोच राहतो. वही भरली की जुन्या नोंदी पुसून त्या जागी नव्या येतात.

प्रत्येक नोंदीला एक ‘सोर्स’ आणि एक ‘इव्हेंट आयडी’ असतो. ही दोन माहितीची टोकं धरून त्या नोंदीचा अर्थ शोधता येतो. काही नेहमीच्या नोंदी अशा :

कर्नेल-पॉवर, ४१ : ही ‘क्रिटिकल’ म्हणून लाल रंगात येते आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. अर्थ इतकाच, की मागच्या वेळी कम्प्युटर रीतसर बंद न होता अचानक बंद पडला. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि लाईट गेली, की ही नोंद होते. लॅपटॉप अडकला म्हणून पॉवरचं बटण दाबून धरलं तरी होते. लाईट न जाता ती वारंवार येत असेल, तर मात्र पॉवर सप्लाय, बॅटरी किंवा तापणारा प्रोसेसर तपासून घ्यावा.

६००८ : हीसुद्धा मागचं शटडाउन अनपेक्षित होतं, असंच सांगते. ४१ ची सख्खी बहीण.

डिस्ट्रिब्युटेड-कॉम, १००१६ : असंख्य कम्प्युटरवर ही नोंद सतत दिसते. त्यानं कामात काही अडथळा येत नाही आणि या नोंदीकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल, असं खुद्द मायक्रोसॉफ्टनंच सांगितलंय.

डिस्क, ७ : ही मात्र मनावर घ्यायची. डिस्कवर खराब जागा सापडल्याची ही नोंद आहे. अशी नोंद पुन्हा पुन्हा येत असेल, तर दुसरं काहीही करण्याआधी महत्त्वाच्या फाइल्सची प्रत दुसरीकडे ठेवा.

डब्ल्यूएचईए-लॉगर : हार्डवेअरकडून आलेली तक्रार. एखादी असेल तर लक्ष ठेवा. कम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडत असेल आणि त्याच वेळच्या अशा नोंदी असतील, तर दुरुस्तीवाल्याला त्या दाखवा.

वाचायची साधी पद्धत अशी. आधी प्रत्यक्ष अडचण, मग नोंद. कम्प्युटर दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी बंद पडला, तर ३ वाजून ५ ते ३ वाजून १५ मिनिटांच्या नोंदी बघायच्या. अडचणच नसेल, तर लाल खुणा मोजत बसण्यात काही अर्थ नाही.

भामटे हीच टूल्स कशी वापरतात?

‘टेक सपोर्ट स्कॅम’ नावानं ओळखली जाणारी ही फसवणूक साधारण २००८ च्या सुमाराला इंग्रजी बोलणाऱ्या देशांत दिसू लागली. फोन करणारा स्वतःला मायक्रोसॉफ्टचा किंवा इंटरनेट कंपनीचा माणूस म्हणवतो. पुढे पुढे फोनऐवजी ब्राउजरमध्ये अख्खा पडदा व्यापणारी सूचना येऊ लागली. सायरनसारखा आवाज, ‘कम्प्युटर लॉक झालाय’ असा मजकूर आणि खाली फोन नंबर.

यातली बरीच कॉल सेंटर्स भारतातून चालत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयनं ‘ऑपरेशन चक्र-२’ अंतर्गत देशभरात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यातल्या काही कारवाया मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन यांच्या तक्रारींवरून झाल्या होत्या. या कंपन्यांचं नाव सांगून परदेशी नागरिकांना लुटलं जात होतं.

त्यांची पद्धत ठरलेली असते. व्हायरस दाखवायला त्यांना व्हायरस लागतच नाही. विंडोजच्या साध्या टूलमधलं साधं काहीतरी उघडायचं आणि त्याला भीतीदायक नाव द्यायचं.

इव्हेंट व्ह्यूअरमधल्या लाल खुणा ‘व्हायरसचे हल्ले’ म्हणून दाखवल्या जातात.

सर्व्हिसेसमधल्या बंद सर्व्हिस ‘हॅकरनं बंद पाडलेलं संरक्षण’ म्हणून दाखवल्या जातात.

‘नेटस्टॅट’ ही कमांड कम्प्युटर इंटरनेटवर कुणाकुणाशी जोडलेला आहे ते दाखवते. त्यात ‘फॉरेन अ‍ॅड्रेस’ नावाचा रकाना असतो. फॉरेन म्हणजे इथे फक्त ‘समोरचा’. पण भामटा सांगतो, “हे बघा, परदेशातले हॅकर.” प्रत्यक्षात ती तुम्ही उघडलेली ईमेल किंवा बातम्यांची वेबसाइट असते.

‘ट्री’ ही कमांड फोल्डरची नावं झाडाच्या फांद्यांसारखी भराभर दाखवते. ती धावत असताना “स्कॅन चालू आहे” असं सांगतात आणि शेवटी स्वतःच ‘व्हायरस सापडला’ असं टाइप करतात.

‘असोक’ ही कमांड कुठल्या प्रकारची फाइल कुठल्या प्रोग्रामशी जोडलीय, ते सांगते. तिच्या यादीत शेवटच्या भागात ८८८डीसीए६० ने सुरू होणारा एक लांबलचक आकडा असतो. भामटा म्हणतो, “हा तुमच्या कम्प्युटरचा खास नंबर. तो आमच्याकडे आहे, म्हणजे आम्ही खरे.” मग तो नंबर वाचून दाखवतो आणि तो तंतोतंत जुळतो. जुळणारच, कारण हा आकडा सगळ्या विंडोज कम्प्युटरवर एकच असतो.

इतकं झाल्यावर समोरचा माणूस हादरलेला असतो. मग दुरून कम्प्युटर चालवायचं अ‍ॅप टाकायला लावतात. तिथून पुढे बँकेचं खातं, ओटीपी किंवा ‘दुरुस्ती’ची फी, जे जमेल ते. पैसे द्यायला नकार दिलेल्या काहींच्या कम्प्युटरला भामटे ‘सिसकी’ या जुन्या टूलनं पासवर्ड घालून कुलूप लावायचे. मायक्रोसॉफ्टनं ते टूल २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून काढूनच टाकलं.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. मायक्रोसॉफ्ट आपणहून फोन करून “तुमचा कम्प्युटर बिघडलाय” असं सांगत नाही. आणि विंडोजच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर दिलेला नसतो. पडद्यावर नंबर दिसला, की ती सूचना खोटी समजायची. बटणं दाबत बसण्यापेक्षा टास्क मॅनेजर उघडून ब्राउजर ‘एंड टास्क’ करावा.

आता फोनचीही गरज उरली नाही

२०२४ पासून एक नवा प्रकार वेगानं पसरलाय. सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात त्याला ‘क्लिकफिक्स’ म्हणतात. सोशल मीडिया वापरणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत हवा.

तुम्ही एखादी लिंक उघडता. ‘आय अ‍ॅम नॉट अ रोबोट’ अशी ओळखीची चौकट येते. त्यावर क्लिक केलं की सूचना येतात. विंडोज की आणि आर दाबा. मग कंट्रोल आणि व्ही दाबा. मग एंटर दाबा.

तिन्ही पायऱ्या निरुपद्रवी वाटतात. पण होतं असं. तुम्ही क्लिक केलं त्याच क्षणी त्या पानानं तुमच्या नकळत एक कमांड कॉपी करून ठेवलेली असते. पहिल्या पायरीनं रनची चौकट उघडते. दुसऱ्या पायरीनं ती कमांड त्यात पेस्ट होते. तिसऱ्या पायरीनं ती चालते. रनची चौकट लहान असते, म्हणून कमांडच्या शेवटी मुद्दाम ‘मी रोबोट नाही, पडताळणी क्रमांक अमुक’ अशा अर्थाचा मजकूर जोडतात. चौकटीत तेवढाच दिसतो. खरी कमांड डावीकडे लपून राहते.

यात अवघड भाग हा, की कमांड तुम्ही स्वतःच्या हातानं चालवलेली असते. त्यामुळे ब्राउजरच्या आणि अँटिव्हायरसच्या काही तपासण्या बाजूला पडतात.

अशा मार्गानं पसरलेल्या प्रोग्रामपैकी एक म्हणजे ‘लुमा स्टीलर’. ब्राउजरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डची माहिती आणि लॉगिनच्या कुकीज तो उचलतो. मायक्रोसॉफ्टनं दिलेल्या माहितीनुसार १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोनच महिन्यांत जगभरात ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कम्प्युटरमध्ये लुमा सापडला. त्याच मे महिन्यात अनेक देशांच्या यंत्रणांसोबत कारवाई करून त्याची सुमारे २,३०० डोमेन बंद पाडण्यात आली. लुमाला धक्का बसला, पण ही पद्धत थांबली नाही.

व्हिडिओंमधूनही हे चालतं. टिकटॉकवर “विंडोज किंवा ऑफिस फुकट अ‍ॅक्टिव्हेट करा” असं सांगून पॉवरशेलमध्ये कमांड टाइप करायला लावणारे व्हिडिओ २०२५ मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीनं उघड केले. टिकटॉकवर भारतात २०२० पासून बंदी आहे, पण ही युक्ती रील्स, शॉर्ट्स किंवा व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमधूनही येऊ शकते. काही ठिकाणी रनऐवजी फाइल एक्सप्लोररच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये पेस्ट करायला सांगतात. चौकट वेगळी, खेळ तोच.

नियम एकच. कुठल्याही वेबसाइटला, व्हिडिओला किंवा मेसेजला ‘तुम्ही माणूस आहात’ हे तपासण्यासाठी रन, टर्मिनल, पॉवरशेल किंवा कमांड प्रॉम्प्टची गरज नसते. तिथे काही पेस्ट करायला सांगितलं, की पान बंद करायचं.

‘येस’ की ‘नो’?

काही टूल्स उघडताना पडदा मंद होतो आणि विंडोज विचारतं, “या अ‍ॅपला तुमच्या डिव्हाइसमध्ये बदल करू द्यायचे का?” विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून हा प्रश्न येतो. सवयीनं बहुतेक लोक ‘येस’ दाबून मोकळे होतात.

इथे एकच गोष्ट स्वतःला विचारायची. आत्ता आपण स्वतः काही उघडलं होतं का? डिस्क मॅनेजमेंट उघडलं आणि प्रश्न आला, तर ठीक. तुम्ही फक्त बातमी वाचत होता आणि प्रश्न आला, तर ‘नो’. चौकटीत प्रोग्रामचं आणि तो बनवणाऱ्याचं नाव असतं, तेही वाचावं. पिवळा पट्टा आणि ‘अननोन’ असं दिसलं, तर जास्त सावध.

घरात कम्प्युटर अनेक जण वापरत असतील, तर मुलांसाठी आणि आजी-आजोबांसाठी ‘स्टँडर्ड’ प्रकारचं वेगळं खातं उघडून द्यावं. मग असा प्रश्न आला की अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड किंवा पिन लागतो, आणि एक बोट दाबून मोठी गडबड होत नाही.

चूक होऊन गेली असेल तर?

कमांड पेस्ट करून चालवली असेल किंवा अनोळखी माणसाला कम्प्युटर चालवू दिला असेल, तर लाजून गप्प बसू नये. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

१. इंटरनेट लगेच तोडा. वायफाय बंद करा किंवा केबल काढा.

२. पासवर्ड बदला, पण त्याच कम्प्युटरवरून नाही. फोनवरून किंवा दुसऱ्या कम्प्युटरवरून बदला. आधी ईमेल, मग बँक, मग सोशल मीडिया. ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा’ हा पर्यायही वापरा. कुकीज चोरीला गेल्या असतील, तर नुसता पासवर्ड बदलून पुरत नाही.

३. पैसे गेले असतील किंवा बँकेची माहिती दिली असेल, तर बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते.

४. दुरून कम्प्युटर चालवायचं जे अ‍ॅप टाकायला लावलं होतं, ते काढून टाका.

५. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा. ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. कम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते. तरीही शंका राहिली, तर कामाच्या फाइल्सची प्रत काढून विंडोज नव्यानं टाकून घेणं हाच खात्रीचा उपाय.

घरच्यांना काय सांगाल?

अशा फोनला नवखेच बळी पडतात असं नाही. मुलं परगावी किंवा परदेशी आहेत, बँकेची कामं आता कम्प्युटरवरच होतात आणि शेजारी विचारायला कुणी नाही, अशा घरात पडद्यावरची एक लाल खूण पुरेशी असते.

त्यामुळे पुढच्या वेळी आई-बाबांकडे जाल, तेव्हा दहा मिनिटं काढून त्यांच्या कम्प्युटरवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. लाल खुणा दाखवा, आणि मग तुमच्या लॅपटॉपवरच्याही दाखवा. दोन्हीकडे असतील. कुणी अनोळखी माणूस हीच खिडकी उघडायला सांगेल, तेव्हा त्यांनी ती आधीच पाहिलेली असेल.